पाय एकीचा, पोट दुसरीचं

माझ्या मुलीचं नाव आधी एका माशीला मिळालं आणि मग ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर चढलं. हे सांगितलं की लोक हसतात. मीही छत्तीस वर्षं ते हसत हसतच सांगत आलो. हसण्यावारी नेलं की पुढचं कुणी विचारत नाही.

मी दत्ताराम कोचरेकर. पुण्याच्या एका कीटकसंग्रहालयात तेहेतीस वर्षं मदतनीस होतो. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या खेपेला. शास्त्रज्ञांनी पकडून आणलेले किडे वाळवायचे, टाचणीला लावायचे आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चिठ्ठी लिहायची, एवढं माझं काम. टाचणी छातीत उजवीकडून घालायची आणि डावी बाजू कोरी ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला एक बाजू तरी अखंड मिळते. एखाद्या किड्याचं पोट तुटलं तर ते बाभळीच्या डिंकानेच चिकटवायचं, कारण हा डिंक कोमट पाण्याने सुटतो. "उद्या कुणाला आपली चूक काढायची असेल तर ती काढता आली पाहिजे, दत्ताराम," असं आमचे लेले सर म्हणायचे. सर माश्यांमधले मोठे जाणकार होते. आता ते नाहीत.

शरयूच्या बारशाला सर आमच्या गावी, कालवीवाडीला आले होते. भर दुपारी पंगत बसायच्या वेळी हा माणूस गायब. शोधत समुद्राकडे गेलो तर वाळूच्या टेकाडावर रुमाल धरून उकिडवे बसलेले. रुमालात एक माशी होती. करडी, अंगावर लव, आणि पोट मागे निमुळतं होत जाऊन टोकाला अणकुचीदार. इंग्रजीत हिला स्टिलेटो फ्लाय म्हणतात, स्टिलेटो म्हणजे बारीक खंजीर. सर तिला कट्यारमाशी म्हणायचे. नाव एवढं भयंकर आणि माशी बिचारी फुलातला रस पिणारी. ती चावत नाही की डसत नाही. खरी कट्यार तिची अळी. पांढरी, दोऱ्यासारखी बारीक, वाळूत सापासारखी सरसर पळणारी. झाडांची मुळं खाणारी जी गलेलठ्ठ हुमणी असते, तिला ही अळी वाळूत गाठते, भोसकते आणि आतून पिऊन टाकते.

"ही कुणाच्याच वहीत नाही," सर म्हणाले. "मुलीचं नाव काय ठेवलंत?"

"शरयू."

"मग हिचंही तेच."

वर्षभराने सरांचा लेख छापून आला आणि माशीचं शास्त्रीय नाव शरयूई झालं. त्या लेखाचं पहिलं पान चौकटीत घालून मी घरात भिंतीवर लावलं. पुढे भाड्याची घरं बदलली, बायको गेली, पण ती चौकट प्रत्येक घरात पहिल्या दिवशी भिंतीवर चढली. शरयू तिच्याकडे बघत मोठी झाली आणि शास्त्रज्ञ झाली. बापाने माश्या टोचल्या, मुलगी त्यांची जनुकं वाचायला लागली. मला त्याचा किती अभिमान होता ते मी लपवत नाही.

*

आता थोडं शास्त्र सांगतो. शरयूने मला जसं सांगितलं तसं.

गेल्या सहा-सात वर्षांत हिवाळे उबदार झाले आणि हुमणीची वर्षाला एकाऐवजी दोन पिढ्या निघायला लागल्या. किनाऱ्यावरच्या सुपारीच्या बागा मुळापासून पोखरल्या गेल्या. औषधं चालेनात. तेव्हा शरयूच्या चमूने जमिनीत राहणारी, किडे मारणारी एक जुनी हिरवी बुरशी घेतली आणि तिच्यात एक निरोप लिहिला.

प्रत्येक जिवाच्या पेशीत जनुकांची एक भलीमोठी पोथी असते. पोथी जागची हलत नाही. तिच्यातल्या ओळी उतरवून कामाच्या जागी नेणारा निरोप्या असतो, त्याला आरएनए म्हणतात. या निरोपातल्या एखाद्या तुकड्याची आरशातली प्रत बाहेरून पेशीत सोडली, तर पेशीला वाटतं की हा शत्रू आहे, आणि ती प्रत आणि मूळ निरोप दोन्ही फाडून टाकते. तो निरोप आतडं चालवण्याचा असला की किडा चार दिवसांत मरतो. गंमत अशी की हे सगळं फक्त एकवीस अक्षरांच्या ओळीवर चालतं. ती ओळ ज्याच्या पोथीत आहे तो मरतो, ज्याच्या पोथीत नाही त्याला काही होत नाही. माणसाने ती बुरशी भाकरीला लावून खाल्ली तरी चालेल, असं शरयू म्हणायची. बुरशीचं नाव त्यांनी 'रक्षक' ठेवलं. ती हे निरोप स्वतःच बनवते, वाळूत स्वतःच पसरते. एकदा सोडली की परत बोलावता येत नाही.

पण तीच एकवीस अक्षरं योगायोगाने दुसऱ्या कुणाच्या पोथीत असली तर? आणि त्यातून तो हुमणीच पिऊन जगणारा असला तर? त्यासाठी कायदा आहे. देशभरातल्या उपयोगी जिवांची अक्षरं एका मोठ्या नोंदीत ठेवली आहेत, तिला जीवनोंद म्हणतात. यंत्र बुरशीतला निरोप त्या प्रत्येकाशी ताडून बघतं आणि कुठेच जुळला नाही तर हिरवा दाखला देतं. जो जीव नोंदीत नाही त्याचा विचार यंत्र करत नाही. करणार तरी कसा?

शरयूई नोंदीत होती. तिला धोका नाही, असा यंत्राचा दाखला होता. त्यावर प्रकल्पप्रमुख म्हणून माझ्या मुलीची सही होती.

*

निवृत्तीनंतर मी कालवीवाडीला येऊन राहिलो होतो. योगायोग म्हणा की नशीब, रक्षकची चाचणी आमच्याच किनाऱ्यावर एका जाळीघरात चालू होती. चाचणीची बुरशी तीन महिन्यांत आपोआप मरणारी होती, खरी बुरशी कायमची. खरी सोडण्याचा दिवस ठरला होता: पुढच्या आठवड्यातला गुरुवार, सकाळी सहा. ड्रोन येऊन पत्र्याच्या शेडमध्ये रांगेत उभे राहिले होते.

जुनी सवय म्हणून मी रोज दुपारी वाळूत फिरायचो. कट्यारमाशी उन्हाचीच. वाळू चटके द्यायला लागली की हिला हुरूप येतो. सोमवारी मी तिला टेकाडावर बसलेली पाहिली. बुधवारी जाळीघराच्या बाहेर, दोन हातांवर, वाळू उकरली तर हुमणी मेलेली सापडली आणि तिच्या शेजारी कट्यारमाशीच्या सात अळ्याही मेलेल्या. सगळ्यांवर हिरवी भुकटी. बुरशी जाळीबाहेर आली होती आणि आमच्या माशीला मारत होती.

मी तिथूनच फोन लावला.

"शरू, तुझ्या नावाची माशी मरते आहे."

"शक्य नाही, बाबा. शरयूईच्या दोनशे अळ्या आम्ही बुरशीत ठेवल्या होत्या. एकही मेली नाही. नीरेच्या वाळूतून आणल्या, यंत्राने ओळखल्या."

"नीरेच्या?"

"हो. जीवनोंदीतली अक्षरं लेले सरांच्या मूळ नमुन्याच्या पायातून घेतली आहेत. ती नीरेच्या माशीशी तंतोतंत जुळतात. तुमच्या कालवीवाडीच्या माशीला यंत्र अनोंदित म्हणतं. ती दुसरी कुणीतरी आहे."

नीरेचं नाव ऐकलं. मी तापल्या वाळूत तसाच खाली बसलो.

छत्तीस वर्षांपूर्वी, बारशाहून परत गेल्यावर, सरांनी कालवीवाडीची ती माशी माझ्या टेबलावर वाळत ठेवली होती. तिच्या शेजारी नीरेच्या पात्रातून आणलेली दुसरी, तुलना करायला. दोन्ही नर, दोन्ही करड्या. मी पंखा लावला. उकडत होतं म्हणून लावला, दुसरं कारण नाही. दोन्ही माश्या उडून फरशीवर पडल्या आणि दोघींची पोटं छातीपासून सुटली. दोन माश्यांचे चार तुकडे. सर चहाला गेले होते. मी घाईघाईने तुकडे गोळा केले, जुळवले, डिंकाने चिकटवले आणि टाचण्यांना लावले. चिकटवून झाल्यावर मनात आलं, कालवीवाडीच्या माशीची छाती एवढी रुंद होती का? तेवढ्यात सर आले.

माश्यांमध्ये नराची जात पोटाच्या टोकावरून ओळखतात. ते टोक म्हणजे किल्ली, प्रत्येक जातीची वेगळी. सरांनी पोटाचं चित्र काढलं, त्यावरून नवी जात ठरवली, तिला माझ्या मुलीचं नाव दिलं आणि टाचणीखाली लाल चिठ्ठी लावली. लाल चिठ्ठीचा नमुना म्हणजे त्या जातीचा शेवटचा शब्द. जगात कुणाला शंका आली तर त्याने तोच बघायचा. सरांच्या लाल चिठ्ठीच्या नमुन्यात पोट कालवीवाडीचं होतं. छाती आणि पाय नीरेचे होते.

पुढे यंत्रं आली. पोट बघणारी माणसं एकेक करून निवृत्त झाली, मेली, आणि त्यांच्या जागा कुणी भरल्या नाहीत. यंत्राने एक पाय घेतला, अक्षरं वाचली आणि नोंद केली.

*

शरयूचं कार्यालय गावातच, शाळेच्या जुन्या इमारतीत होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेली.

"तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती."

"छत्तीस वर्षं शंका होती?"

"सर खूश होते गं. तुझं नाव दिलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर नाव गेलं असतं, नोकरीही गेली असती. वाटलं, एका माशीने कुणाचं काय बिघडणार?"

"मी त्या नोंदीवर विश्वास ठेवून सही केली, बाबा."

"म्हणून तर आलो."

"दुसरी माशी कुठे आहे? दुसऱ्या टाचणीवरची?"

"फेकून दिली," मी म्हणालो. हे खोटं होतं. ते का बोललो ते पुढे सांगतो.

मूळ नमुन्यात दोष आहे हे सिद्ध झालं तरच दाखल्याचा फेरविचार होतो. शरयूने स्वतःच्याच प्रकल्पाविरुद्ध अर्ज केला. तारीख मिळायला सहा दिवस गेले. मधल्या दिवसांत मी रोज दुपारी टेकाडावर जात होतो. एकही माशी दिसली नाही.

*

मंगळवारी पुण्याला सुनावणी झाली. जीवनोंदीच्या समितीचे अध्यक्ष दाभाडे साहेब सज्जन माणूस. आवाज चढवला नाही, मला बसायला खुर्ची दिली. टेबलावर काचेच्या पेटीत ती माशी होती. लाल चिठ्ठी उन्हाने फिकी पडली होती. चिठ्ठीवरचं अक्षर माझं.

"तुम्ही काय करणार आहात?" साहेबांनी विचारलं.

"कोमट पाण्याचा एक थेंब घालणार आहे."

"मूळ नमुन्याला हात लावायची परवानगी आजवर कुणाला दिलेली नाही, कोचरेकर."

"मीच लावला होता, साहेब. पहिला."

मी ड्रॉपर उचलला. छाती आणि पोट यांच्या सांध्यावर थेंब ठेवला. दोन मिनिटं काही झालं नाही. शरयू माझ्याकडे बघत नव्हती. मग पोट जरासं सरकलं आणि अलगद कागदावर पडलं. छत्तीस वर्षांचा डिंक, पण सुटला. यंत्राने छातीतला कण वाचला, पोटातला कण वाचला, आणि पडद्यावर आलं: दोन वेगळ्या जाती.

मला रडू आलं. वाटलं, सुटलो.

दाभाडे साहेबांनी चष्मा पुसला. "तुम्ही धाडस केलंत. पण आता नियम काय म्हणतो ते ऐका. मूळ नमुना दोन जातींचा निघाला, म्हणजे शरयूई हे नाव स्थगित. नाव स्थगित, म्हणजे उपयोगी जिवांच्या यादीतून ते बाहेर. कालवीवाडीची माशी आधीच अनोंदित होती. आता मला सांगा, हरकत घ्यायची कुणाच्या वतीने?"

"पण ती आहे ना, साहेब! मी रोज—" मी उभा राहिलो.

"असेल. पन्नास गावांच्या बागा मरताहेत, त्याही आहेत. नाव नसलेल्या जिवासाठी मी त्या थांबवू शकत नाही. गुरुवारचा कार्यक्रम कायम आहे."

खरं बोललो आणि होतं नव्हतं तेही नाव घालवून बसलो.

शरयू पहिल्यांदाच बोलली. "नवी जात नोंदवली तर? सोडण्याच्या आदल्या दिवशी पाचपर्यंत नोंद झाली तर स्थगिती मिळते."

"मिळते. अखंड नर हवा, सहा बाजूंनी छायाचित्रं हवीत, अक्षरं हवीत. उद्या पाचपर्यंत." साहेबांनी ते दोन तुकडे कागदात गुंडाळून माझ्यासमोर ठेवले. "हे न्या तुम्ही. संग्रहालयाला याचा आता उपयोग नाही."

*

बुधवारी सकाळी नऊला आम्ही टेकाडावर होतो. मी जाळं घेऊन, शरयू चाळण घेऊन. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन चढलं, वाळू भाजायला लागली, अगदी तिच्या आवडीचं ऊन. एकदा शरयू ओरडली, "बाबा, ही!" मी धावलो. ती दरोडेखोर माशी निघाली. दिसायला बरीचशी तशीच, पण हिच्या दोन डोळ्यांच्या मध्ये खोबण असते आणि तोंडावर दाढी. शरयूने जन्मात कधी तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. तिला फक्त अक्षरं माहीत.

बारा वाजता सुलभावैनी आल्या. टेकाडामागची सुपारीची बाग त्यांची. नवरा गेल्यावर एकटीने राखलेली.

"भावजी, काय गावला?"

"नाय, वैनी."

"एका माशीक नाव देवचा म्हणान तुम्ही उन्हातान्हात फिरतास. माजी साठ झाडां पिवळी पडली. तेंची नावां खंय लिवतास?"

"हुमणी परत येतली, वैनी. आनि तेवां तिका खावक कोण उरूचा नाय."

"परत येतली तेवां बघू. आज तरी मरांदे." त्या शरयूकडे वळल्या. "तू गो कित्या बापाच्या नादाक लागलंस? तुजीच बुरशी ना ती?"

शरयूने मान खाली घातली आणि वाळू चाळत राहिली. सुलभावैनी चुकीचं काही बोलत नव्हत्या, हेच तर वाईट होतं.

दोन वाजता वारा सुटला. आता माशी बसणार नाही हे मला कळलं. चाळणीत हुमणी सोडून काही येत नव्हतं. शरयू मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. छत्तीस वर्षांची बाई, शंभर माणसांवर हुकूम चालवणारी, लहान मुलीसारखी हुंदके देत होती. "संपलं, बाबा. माझ्याच हाताने संपलं."

"चल घरी," मी म्हणालो.

"कशाला?"

"चल म्हणतो ना."

घरी आल्यावर मी भिंतीवरची चौकट उतरवली. पाठीमागच्या पुठ्ठ्यात एक बामची डबी बसवलेली होती. डबीत डांबरगोळीचा चुरा आणि टाचणीवर एक माशी. छाती कालवीवाडीची, पोट नीरेचं. दुसरी माशी मी कधीच फेकली नव्हती. संग्रहालयातली वस्तू घरी आणली तर ती चोरी, आणि मी चोर नाही असं मला म्हणायचं होतं. सरांनी ती कधी मागितली असती तर भेद उघडा पडला असता म्हणून आणली, आणि टाकवेना म्हणून ठेवली. सुनावणीत सगळं कबूल केलं, पण एवढं तेवढं राखून ठेवलं. माणूस कबुली देतानासुद्धा आपल्यापुरता कोपरा वाचवतो.

शरयू डबीकडे बघत राहिली. "काल का नाही सांगितलंत?"

मी डबी तिच्या हातात दिली.

"काल सांगितलं असतंत तर सगळ्यांसमोर..." ती थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "बाबा, ही छाती. आणि कागदातलं ते पोट."

"हो," मी म्हणालो. "एकाच माशीचं आहे."

*

साडेतीनला आम्ही तिच्या कार्यालयात होतो. मी कोमट पाण्याने डबीतल्या माशीचं पोट सोडवलं. यंत्राने छातीतला कण वाचला आणि कागदातल्या पोटातला कण वाचला. जात ओळखण्यापलीकडे ते आणखीही एक सांगतं. दोन तुकडे एकाच जातीचे आहेत की एकाच जिवाचे, तेही. मी पडद्याकडे बघत नव्हतो. शरयूने मोठ्याने वाचलं, "एकच प्राणी."

आता चिकटवायचं. बाभळीचा डिंक कपाटात होता, हात मात्र माझे राहिले नव्हते. चिमट्यात पोट धरलं की टोक थरथरायचं. दोनदा पडलं. शरयू उठली, टेबलाच्या या बाजूला आली आणि तिने दोन्ही हातांनी माझं मनगट घट्ट धरलं. तिच्या हातातला राग मला कळत होता, पण तिने पकड सोडली नाही. तिसऱ्या खेपेला पोट बसलं. बाजूने पाहिलं. ही छाती एवढीच होती. त्या दुपारी रुमालात अशीच होती.

चिठ्ठी मी लिहिली. कालवीवाडी, वाळूचं टेकाड, बारशाची तारीख. खाली लिहिलं: 'पोट तुटले होते. मी चिकटवले. याच माशीचे आहे. द. कोचरेकर.' तेहेतीस वर्षांत हजारो चिठ्ठ्या लिहिल्या, त्यात माझं नाव पहिल्यांदाच आलं.

छायाचित्रं झाली, वर्णन झालं. वर्णन मी तोंडाने सांगत होतो, शरयू टाइप करत होती. शेवटी नावाचा रकाना आला.

"तुझं नाव आता परत वापरता येणार नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे." ती थोडी थांबली. "तुमचं देत नाही."

"नकोच."

तिने 'लेलेई' असं टाइप केलं. सरांचं वर्णन आम्ही दोघांनी मिळून रद्द करवलं होतं, म्हणून नाव त्यांचं. मला तिचा चेहरा नीट दिसेना, डोळे भरून आले होते.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी शेवटचा प्रश्न पडद्यावर आला. 'या जातीचा जिवंत नमुना शेवटचा कधी पाहिला?' खाली दोन चौकोन होते. गेल्या आठ दिवसांत पाहिला असेल तर कायमची स्थगिती आणि नव्याने तपासणी. त्याआधी पाहिला असेल तर स्थगिती तीस दिवसांची. तीस दिवसांत अळी, कोष, माशी, काहीही जिवंत दाखवता आलं नाही, तर जात नष्ट झाली असं धरून बुरशी सोडली जाणार.

शरयूचं बोट पहिल्या चौकोनावर होतं. "आज दुपारी पाहिली असं म्हणा, बाबा." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "एकदाच म्हणा. कोण बघायला येणार आहे?"

खरंच कुणी येणार नव्हतं. छत्तीस वर्षांपूर्वीही कुणी बघत नव्हतं. मला ते म्हणायचं होतं, देवाशपथ, जिभेवर आलं होतं. त्या माशीसाठी, मुलीसाठी. पण ती चिठ्ठी समोर होती आणि तिच्यावरची शाई अजून ओली होती.

"मागच्या आठवड्यातला सोमवार," मी म्हणालो. "नऊ दिवस झाले."

शरयूने डोळे मिटले. मग बोट दुसऱ्या चौकोनावर नेलं आणि दाबलं.

*

गुरुवारी सकाळी सहाला ड्रोन उडाले नाहीत. दहा वाजता शरयूला पदावरून दूर केल्याचं पत्र आलं. तिने घडी घालून ते खिशात ठेवलं आणि चाळण उचलली.

आज एकोणतिसावा दिवस. शरयू माझ्याशी कामापुरतं बोलते. पण आता दरोडेखोर माशी बघून ती ओरडत नाही. आधी तोंडावरची दाढी बघते आणि सोडून देते. सुलभावैनींची आणखी अकरा झाडं गेली. त्या आमच्याशी बोलत नाहीत. पण आमची चाळण फाटली तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरची तांदूळ चाळायची चाळण कुंपणाच्या दगडावर ठेवलेली होती. ठेवणारी दिसली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

आत्ता बारा वाजून गेले आहेत. वाळू पायाला भाजते आहे. समोरच्या टेकाडावर काही नाही. शरयू टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला गुडघ्यांवर बसून चाळते आहे, मी इथे जाळं घेऊन उभा आहे. सावली अजून पायांखालीच आहे. वारा सुटायला तास-दीड तास आहे.